गॅस गेला तर गेला कुठे?

उन्हाळा जवळ आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा रंगच पालटतो. एरवी लोकरीच्या विणीपासून लोणच्यावरच्या बुरशीपर्यंत नाना शंका असतात. पण मार्च उजाडला की कूलरच्या वाळ्याच्या ताट्या, माठाला येणारा वास, आणि आताशा हमखास एक विषय म्हणजे गाडीचा एसी. "मागच्या वर्षी गॅस भरला होता, यंदा पुन्हा गार होत नाही. दर वर्षी भरावाच लागतो का?" या एकाच प्रश्नाची पत्रे इतकी साठली आहेत की प्रत्येकीला निराळे उत्तर देण्यापेक्षा आजचे सगळे सदर त्यालाच द्यावे असे ठरवले.

कोणी म्हणेल, बायकांच्या पानावर हा विषय कशाला? अहो, कशाला म्हणजे? मुलांना क्लासला सोडणं, सासूबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेणं, लग्नसराईत चार गावं पालथी घालणं, हे सगळं आपल्यापैकी कितीतरीजणी स्वतः गाडी चालवून करतात. ज्या चालवत नाहीत त्यांच्याही घरखर्चाच्या वहीत गॅरेजचे बिल शेवटी येऊन बसतेच. आणि गॅरेजमध्ये गेलं की मात्र, "मॅडम, साहेबांना पाठवा ना." साहेबांनाही बहुधा आपल्याइतकंच कळत असतं, ते फक्त मान डोलावतात.

तर आधी सरळ उत्तर. नाही, दर वर्षी गॅस भरावा लागत नाही. हा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही, की कूलरच्या पाण्यासारखा उडून जात नाही. तो बंद नळ्यांतून गोल गोल फिरत राहतो. म्हणून मेकॅनिकने "गॅस संपलाय, भरून टाकू" म्हटले की आपण एकच प्रश्न विचारायचा, "भाऊ, गॅस गेला तर गेला कुठे?" याचे धड उत्तर जो देईल त्याच्याच हाती गाडी द्यावी.

घरच्या फ्रिजकडे पाहा ना. पंधरा-पंधरा वर्षे चालतो, त्यात कोणी गॅस भरते का? गाडीचा एसी त्याच तत्त्वावर चालतो. फरक इतकाच की फ्रिजच्या नळ्या धातूच्या, डाग देऊन कायमच्या जोडलेल्या, आणि तो एका जागी उभा असतो. गाडीला रबरी नळ्या, जोडांवर रबराच्या चकत्या, इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा दांडा, वर रस्त्यांचे धक्के. त्यामुळे वर्षानुवर्षांत थोडासा गॅस झिरपून कमी होतो हे खरे. पाच-सहा वर्षांनी गारवा किंचित उणावला तर समजण्यासारखे आहे. पण वैशाखात भरला आणि पुढच्या वैशाखात पुन्हा गायब, याचा अर्थ कुठेतरी भोक आहे. भोकाच्या हंड्यात रोज पाणी भरण्याला दुरुस्ती म्हणत नाहीत.

आता हे यंत्र चालते कसे ते थोडक्यात सांगते. अवघड नाही. इंजेक्शनच्या आधी नर्सबाई दंडावर स्पिरिट लावतात तेव्हा कसं गार वाटतं? स्पिरिट उडून जाताना अंगातली उष्णता घेऊन जाते. शाळेत मुलांना बाष्पीभवन शिकवताना मी हाच दाखला देते. एसीतला गॅस तेच करतो, फक्त त्याला उडून जाऊ न देता पुन्हा पकडून आणतात. बहुतेक गाड्यांत जो आर-१३४ए नावाचा गॅस असतो तो मोकळ्या हवेत उणे २६ अंशांनाच उकळतो. डॅशबोर्डच्या आत एक जाळीदार डबा असतो, त्याला इव्हॅपोरेटर म्हणतात. तिथे हा द्रव उकळतो आणि गाडीतल्या हवेची उष्णता शोषून घेतो. पुढे कॉम्प्रेसर त्याची वाफ दाबून तापवतो, आणि गाडीच्या नाकाशी, रेडिएटरच्या पुढे बसवलेल्या कंडेन्सरमध्ये ती उष्णता बाहेरच्या हवेला देऊन वाफेचा पुन्हा द्रव होतो. तिथून ड्रायर नावाच्या नळकांड्यातून, म्हणजे ओल शोषणाऱ्या गाळणीतून जाऊन तो पुन्हा आत. गाडीतली उष्णता बाहेर नेऊन टाकणारा हमाल, एवढेच या गॅसचे काम. जोडीला थोडे तेलही याच नळ्यांतून फिरते आणि कॉम्प्रेसरला वंगण पुरवते. हे तेल लक्षात ठेवा, पुढे त्याचे काम पडणार आहे.

म्हणजे गारवा कमी झाला की दोष गॅसचाच असतो असे मुळीच नाही. उष्णता उचलण्यात, वाहून नेण्यात किंवा बाहेर टाकण्यात कुठेही खोळंबा झाला तरी परिणाम एकच. गॅरेज गाठण्याआधी घरच्या घरी जे पाहता येते ते पाहावे, त्याला पैसा लागत नाही.

पहिली गोष्ट वाऱ्याची. पंखा चारवर ठेवूनही झोत मंद, पण येणारी हवा चांगली गार असेल तर गॅसला दोष देऊ नका; गाळणी चोंदली आहे. बहुतेक गाड्यांत डाव्या बाजूच्या सामानाच्या खणामागे ही कागदी गाळणी असते. खण दोन्ही बाजूंनी दाबला की खाली येतो, मागचे झाकण उघडले की गाळणी हाती येते. ती काढून पाहाल तर गहू पाखडल्यावर सुपात उरतो तसा कचरा, वाळकी पाने, आणि गाडी झाडाखाली उभी राहत असेल तर आणखी काय काय. हलकेच झटकून थोडे दिवस चालते. फारच मळली असेल तर नवीच आणावी, धुऊन वाळवण्याच्या भानगडीत पडू नये, कागद फुगतो आणि फाटतो. ही गाळणी स्वतः बदलणे रफू करण्यापेक्षा सोपे आहे.

दुसरी गोष्ट बटणांची. हसू नका, पण गरम हवेचा खटका चुकून लाल रेषेकडे सरकलेला असतो, नाही तर बाहेरची हवा आत घेण्याचे बटण चालू राहिलेले असते. बाहेर ४३ अंशांची झळ आणि ती आत घेऊन गार करायची म्हटले तर कोणताही एसी थकणारच. उन्हात उभ्या गाडीत बसताना आधी दोन मिनिटे सगळ्या काचा खाली करून गाडी चालवावी, भट्टीतली हवा बाहेर जाऊ द्यावी, मग काचा लावून आतलीच हवा फिरवणारे बटण दाबावे. लांबच्या प्रवासात मात्र अर्ध्या-पाऊण तासाने थोडा वेळ बाहेरची हवा घ्यावी, नाहीतर सगळ्यांना पेंग येते आणि चालवणारीलाही.

तिसरी गोष्ट कानांनी ऐकण्याची. गाडी उभी, इंजिन चालू, कोणीतरी आत बसून एसीचे बटण दाबावे. बॉनेट उघडून तुम्ही दोन हात लांब उभ्या राहा. पुष्कळ गाड्यांत 'टक्' असा आवाज येतो आणि इंजिनाचा सूर किंचित बदलतो. तो कॉम्प्रेसरचा क्लच लागल्याचा आवाज. (काही नव्या गाड्यांत हा क्लच नसतोच, तिथे आवाजाची वाट पाहत बसू नये.) थोड्याच वेळात पुढचा पंखाही फिरू लागला पाहिजे. आणि इथे माझे एक कळकळीचे सांगणे आहे. बॉनेट उघडे असताना पदर खोचलेला, ओढणी काढून ठेवलेली आणि वेणी मागे बांधलेली हवी. तो विजेचा पंखा आपल्या मर्जीने केव्हाही सुरू होतो. आत हात घालायचे काम आपले नाही, नुसते पाहायचे.

पाहायचे काय, तर एसी पाच-सात मिनिटे चालल्यावर दोन नळ्यांपैकी जाड नळीवर थंड पाण्याच्या ग्लासावर येतात तसे थेंब जमलेले दिसतात का. हवेत दमटपणा असेल तर दिसायला हवेत. विदर्भाच्या कोरड्या एप्रिलमध्ये कमी दिसतात, कोकणात भरपूर. गाडीखाली पाणी ठिबकत असेल तर घाबरू नका, ते चांगले लक्षण आहे. हवेतली ओल इव्हॅपोरेटरवर जमून बाहेर पडते आहे.

आता लक्षणांवरून रोग ओळखणे. गाडी पळते तेव्हा गार आणि सिग्नलला थांबली की गरम, अशी तक्रार असेल तर आधी कंडेन्सर आणि त्याचा पंखा पाहायला सांगा. गाडी धावताना वारा आपोआप मिळतो, थांबल्यावर पंख्यानेच द्यायचा असतो. पंखा बंद असेल किंवा कंडेन्सरच्या पन्हळींत माती, किडे, कापूस भरला असेल तर उष्णता बाहेर टाकायलाच वाव नाही. अशा वेळी साध्या पाण्याच्या हलक्या धारेने, इंजिन थंड असताना, तो पुढून धुतला तरी पुष्कळ फरक पडतो. गाडी धुणाऱ्या मशीनचा जोरदार फवारा त्यावर मारू देऊ नये, त्याचे पातळ पत्रे वाकतात. याउलट सुरुवातीला छान गार आणि तासाभराने वाराच बंद होतो, थोडा वेळ एसी बंद ठेवला की पुन्हा ठीक, असे होत असेल तर इव्हॅपोरेटरवर बर्फ धरतो आहे. फ्रिझरमध्ये बर्फाचा डोंगर झाल्यावर दार लागत नाही तसाच प्रकार. तिथे मळकी गाळणी, तापमान मोजणारा सेन्सर, किंवा कमी झालेला गॅस, यांपैकी काहीही असू शकते. आणि क्लच दर काही सेकंदांनी टक्-बंद, टक्-बंद करत असेल, गारवा नावालाच असेल, तर मात्र गॅस कमी झाल्याचा संशय बळावतो. एका मर्यादेच्या खाली दाब गेला की सुरक्षेचा स्विच कॉम्प्रेसर लागूच देत नाही, म्हणून गॅस अगदीच गेला असेल तर टक् देखील ऐकू येत नाही. तरी फ्यूज आणि रिले पाहिल्याशिवाय तेवढ्यावरून निदान करू नये. साधा फ्यूज उडाला तरी टक् येत नाही.

घरात खोलीचे तापमान मोजायचा साधा थर्मामीटर असेल तर तो मधल्या जाळीत खोचून ठेवावा. (तापाचा नको. त्याचे आकडेच ३५ पासून सुरू होतात.) बाहेर ३५ अंशांच्या आसपास असताना, गाडी दहा मिनिटे चालवल्यावर, साधारण ८ ते १२ अंशांची हवा येत असेल तर एसी ठणठणीत आहे. नागपूर-अकोला-चंद्रपूरच्या मे महिन्यात भर दुपारी आकडा याच्या वर राहिला तरी लगेच गॅरेजकडे धावू नये. यंदाचा आकडा वहीत लिहून ठेवला की पुढच्या वर्षी ताडून पाहायला बरा.

आता गॅरेजकडे वळू. आमच्या चुलत वन्सं एका तालुक्याच्या गावी असतात. त्यांच्या सासूबाईंचे आठवड्यातून दोनदा डायलिसिस, त्यासाठी अकोल्याला जावे लागते, दीड तासाचा रस्ता. गाडी वन्संच चालवतात. डायलिसिस करून परतताना म्हाताऱ्या माणसाच्या अंगात काही उरलेले नसते. त्यात मे महिन्याची दुपार. गाडीतला गारवा ही त्यांच्या घरी चैनीची बाब नव्हे. दोन उन्हाळ्यांत त्यांनी चार वेळा गॅस भरून घेतला. भरला की पंधरा दिवस, महिनाभर बरे, मग पुन्हा झळा. दर वेळी तेच वाक्य, "ताई, गॅस संपला." गळती कुठे आहे हे शोधायला कोणी गेलेच नाही, कारण गॅस भरणे अर्ध्या तासाचे काम आणि गळती शोधणे अर्ध्या दिवसाचे.

शेवटी अकोल्यातल्या एका एसीवाल्याने काय केले ते सांगते, म्हणजे योग्य रीत कोणती ते कळेल. त्याने प्रथम बॉनेटच्या आतला स्टिकर वाचला. प्रत्येक गाडीला असा स्टिकर असतो. त्यावर गॅसचे नाव आणि किती ग्रॅम ते छापलेले असते. लहान गाड्यांत ते साधारण ३०० ते ५०० ग्रॅम असते. वन्संच्या गाडीला ४२० होते. मग त्याने मशीन लावून आत असलेला गॅस काढून घेतला आणि वजन केले, तर निघाला फक्त ९० ग्रॅम! हे वजन म्हणजे अर्धे निदानच. समजा ४१० निघाला असता, तर गॅसचा दोष नाही हे तिथेच सिद्ध झाले असते आणि रोग दुसरीकडे शोधायचा असता. पण पुष्कळ ठिकाणी मीटरचे दोन काटे पाहून "कमी आहे" म्हणतात. बंद गाडीत या गॅसचा दाब बाहेरच्या तापमानाप्रमाणे ठरतो. तीस अंशांना आत थोडा जरी द्रव असला तरी काटा शंभर पौंडांच्या जवळपास दिसतो, मग तो द्रव शंभर ग्रॅम असो की चारशे. घरचा सिलिंडर अर्धा झाला तरी शेगडीची ज्योत तशीच असते ना, तसेच हे. सिलिंडर किती भरला आहे ते वजनावरूनच कळते.

पुढे त्याने नळ्यांत नायट्रोजन दाबून भरला आणि जोडांवर साबणाचा फेस लावत गेला. कंडेन्सरच्या खालच्या कोपऱ्याशी फेसाला बुडबुडे आले. रस्त्यावरचा दगड लागून बारीकसे छिद्र पडले होते, भोवती तेलाचा काळपट डाग आणि त्यावर धूळ. गॅस जिथून जातो तिथून तेलही जाते, म्हणून तेलकट धुळीचा डाग ही गळतीची पक्की खूण. काही गॅरेजांत नळ्यांत रंग सोडून निळसर दिव्याखाली पाहतात, काहींकडे गळतीपाशी किणकिणणारे यंत्र असते. साधन कोणतेही चालेल, शोधणे महत्त्वाचे. कंडेन्सर बदलला, जोडावरच्या रबरी चकत्या बदलल्या, आणि नळ्या उघडल्या होत्या म्हणून ड्रायरही नवा घातला.

यानंतरची पायरी पुष्कळजण गाळतात, ती म्हणजे व्हॅक्यूम. नळ्यांतली हवा आणि ओल पंपाने खेचून काढायची, निदान अर्धा तास. लडाखला जाऊन आलेल्या मैत्रिणी सांगतात, तिथे साध्या पातेल्यात भात शिजत नाही, कारण उंचावर हवेचा दाब कमी, पाणी लवकर उकळते. व्हॅक्यूममध्ये तेच टोकाला नेतात. दाब इतका कमी की नळीतली ओल साध्या खोलीच्या तापमानालाच उकळून निघून जाते. ती राहिली तर अरुंद तोंडाशी तिचा बर्फ होऊन वाट अडवते, आणि तेलाशी मिसळून आतून गंज धरते तो निराळाच. पंप बंद केल्यावर काटा पंधरा मिनिटे हलला नाही तरच पुढे जायचे. मग स्टिकरवर लिहिलेले ग्रॅम तराजूवर मोजून भरायचे. वन्संच्या गाडीत ४२० भरले, बिलावर तसे लिहून दिले. तीन वर्षे झाली, अजून हात लावावा लागलेला नाही. आधीच्या चार वेळच्या गॅसचे पैसे जोडले तर कंडेन्सरची निम्मी किंमत त्यातच गेली होती. त्यातही नशीब की कॉम्प्रेसर वाचला. गॅस कमी झाला की तेल नीट फिरत नाही, आणि कोरडा चालणारा कॉम्प्रेसर अडकून बसला की खर्चाचा आकडा ऐकून आपल्यालाच गार वाटू लागते.

"थोडा जास्तच भरा हो, चांगलं गार होऊ दे," असे आपण भाजीवाल्याकडे कोथिंबीर मागतो तसे म्हणू नये. कुकरात डाळ काठोकाठ भरली तर वाफेला जागा राहते का? जास्त गॅसने कंडेन्सरमधला दाब वाढतो, गारवा उलट कमी होतो आणि कॉम्प्रेसरवर ताण येतो.

जिल्ह्याच्या ठिकाणी असे मशीन असलेले गॅरेज बहुधा मिळते. लहान गावी नसेल तर निदान इतके विचारावे की गळती तपासली का, व्हॅक्यूम किती वेळ केला, गॅस वजनावर भरला का, किती ग्रॅम. चार प्रश्न. विचारताना आवाज चढवायची गरज नाही. विचारणारी बाई समोर उभी आहे एवढ्यानेच पुष्कळ फरक पडतो. आणि पक्के बिल घ्यावे.

यूट्यूबवर पाहून घरीच डबा लावून गॅस भरण्याचे खूळ काही घरांतून शिरले आहे. अमेरिकेत असे लहान डबे दुकानात मिळतात आणि तिकडे राहणारी मुले आईवडिलांना उत्साहाने सांगतातही. मला ते पसंत नाही. एक तर किती गेला हे कळत नाही, नळीतली हवा आत जाते, आणि चुकून जास्त दाबाच्या तोंडाला डबा जोडला तर तो फुटू शकतो. दुसरे म्हणजे हा द्रव कातडीवर उडाला तर भाजल्यासारखा बर्फाचा चटका बसतो, डोळ्यात गेला तर डोळ्याचे काय होईल ते सांगायला नको. ज्योतीशी संबंध आला तर त्यापासून विषारी वायू तयार होतो, म्हणून स्वयंपाकघराच्या खिडकीखाली हे काम कधीही नको. आणि डब्यात खरोखर काय आहे याची खात्री काय? २०११ साली जहाजांवर चढवायच्या थंड कंटेनरांत आर-१३४ए म्हणून बनावट गॅस भरला गेला, त्याची आतल्या ॲल्युमिनियमशी प्रक्रिया झाली आणि स्फोट होऊन कामगार दगावले. स्वस्तात मिळतो म्हणून घरगुती एलपीजी भरून देणारे महाभागही असतात. तो पेट घेणारा गॅस डॅशबोर्डमागे, मुलांच्या नाकाशी! अशा माणसाकडे पुन्हा पाऊल टाकू नये.

याच ओघात दोन गोष्टी, एसीच्या दुरुस्तीपेक्षा मोठ्या. उन्हात उभ्या बंद गाडीचे आतले तापमान दहा मिनिटांत दहा अंशांनी चढू शकते. "आत्ता आले, एक पाकीट दूध घेऊन," म्हणून झोपलेले मूल गाडीत ठेवू नये. एसी चालू ठेवून गेलात आणि इंजिन मध्येच बंद पडले तर? मूल उचलायचे, झोपमोड झाली तर होऊ दे. दुसरे, उभ्या गाडीत काचा लावून, इंजिन आणि एसी चालू ठेवून झोपणे. लग्नाच्या गावी खोल्या कमी पडल्या की ड्रायव्हर किंवा घरातली तरणी मुले असे झोपतात. धुराच्या नळीला कुठे गळती असेल, किंवा गाडी बंद शेडमध्ये असेल, तर कार्बन मोनॉक्साइड आत येतो. त्याला रंग नाही, वास नाही. झोपलेल्याला कळतही नाही. हे आपल्या यजमानांनाही वाचून दाखवा.

आता उरलेल्या पत्रांना भरभर उत्तरे देते.

एका भगिनीने विचारले आहे, एसी लावला की ओल्या फडक्याचा कुबट वास येतो. इव्हॅपोरेटर ओला राहून त्यावर बुरशी धरते. घरी पोचायच्या चार-पाच मिनिटे आधी एसीचे बटण बंद करून नुसता पंखा चालू ठेवावा, म्हणजे तो वाळतो. सुवासाच्या बाटल्या टांगून उपयोग नाही. आंबलेल्या पिठावर वेलची घातल्यासारखे होते ते. वास जुना असेल तर गाळणी बदलून आतली सफाई करून घ्यावी.

पुढच्या सीटच्या पायाशी पायपुसणे ओले होते, असे दुसरीचे पत्र आहे. पाऊस नसताना ओले होत असेल तर एसीचे पाणी बाहेर नेणारी नळी चोंदली आहे. दहा मिनिटांचे काम, पण आळस केला तर सतरंजी कुजते आणि खालच्या तारांना ओल लागते.

"थंडीत एसी बंदच ठेवतो, बिघडेल का?" आठवड्यातून एकदा दहा मिनिटे चालवावा. तेल फिरते आणि रबरी चकत्या सुकून आक्रसत नाहीत. पावसाळ्यात काचेवर धरलेली वाफ तर एसीनेच लवकर जाते, तेवढा व्यायाम त्याला पुरे.

घरात जुनी, १९९० च्या आधीची गाडी हौसेने जपलेली असेल तर तिच्यात आर-१२ नावाचा वेगळा गॅस असण्याची शक्यता आहे. आकाशातल्या ओझोनच्या थराला तो घातक म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारानंतर टप्प्याटप्प्याने बंद झाला, आपल्याकडे २००८ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. अशा गाडीत आर-१३४ए थेट भरू नये, तेल आणि काही भाग बदलून घ्यावे लागतात. आर-१३४ए ओझोनला अपाय करत नाही, पण हवा तापवण्याच्या बाबतीत कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटींहून जास्त जालीम आहे. म्हणून गॅस काढताना हवेत 'फुस्स' करून सोडून देणारे गॅरेज पाहिले की मला राग येतो. मशीनने काढून पुन्हा वापरता येतो तो.

आणि विजेच्या किंवा हायब्रिड गाडीवाल्या मैत्रिणींसाठी: तुमच्या गाडीचा कॉम्प्रेसर मोठ्या दाबाच्या विजेवर चालतो आणि त्याचे तेलही वेगळे, वीज न वाहू देणारे असते. कोपऱ्यावरच्या गॅरेजात ते काम देऊ नये, आणि बॉनेटखालच्या नारिंगी रंगाच्या तारांना कोणी हात लावू नये.

पुढच्या अंकी कैरीच्या छुंद्याला पाणी सुटते त्याबद्दल आलेली पत्रे घेणार आहे. एसीबद्दल आणखी लिहायचे असेल तर गाडी कोणत्या सालची आणि स्टिकरवर किती ग्रॅम छापले आहेत तेवढे पत्रात जरूर कळवा.